शनिवारची रिकामी ओळ

अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या लेक सुपीरिअरवर कयाकने, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या होडीने, करायच्या सहलीचा तो तक्ता. सगळ्यांनी मिळून भरायच्या त्या तक्त्यात पाच ओळी होत्या. बुधवार: बेफील्डला मुक्काम. गुरुवार: लिटल सँड बे ते सँड आयलंड. शुक्रवार: बेटाच्या कडेच्या गुहा, हवा चांगली असेल तर. शनिवार: काही नाही. रविवार: परत. बाकीच्या ओळींवर कोणी चकार शब्द काढला नाही, पण ती रिकामी ओळ कोणाला तरी बघवली नाही. दुसऱ्या दिवशी तक्ता उघडला तर तिथे 'डेव्हिल्स आयलंड?' असं लिहिलेलं. पुढे प्रश्नचिन्ह, म्हणजे सभ्यपणे. आणि व्हॉट्सॲपवर खाली खुलासा: "अरे, एवढी सुट्टी काढून जायचं आणि एक दिवस नुसतं बसून राहायचं? तळंच तर आहे!"

प्रश्नचिन्हाचं काही नाही. त्या 'तळंच'मधला 'च' मात्र खुपत राहतो.

तळं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कोल्हापूरकराला रंकाळा, ठाणेकराला मासुंदा. संध्याकाळी एक चक्कर मारावी, कठड्यावर बसून भेळ खावी, पलीकडच्या काठावरचे दिवे पाण्यात हलताना बघावेत. तळ्याला पलीकडचा काठ असतो, ही त्या शब्दातच बसलेली खात्री आहे. गंमत म्हणजे धरणाच्या पाण्याला नाव देताना आपण अजिबात हात आखडता घेत नाही. कोयनेचा शिवसागर, जायकवाडीचा नाथसागर, उजनीचा यशवंतसागर. आणि जे पाणी खरोखर सागरासारखं वागतं त्याला, निव्वळ ते गोडं आहे म्हणून, तळं म्हणून मोकळे होतो. लेक सुपीरिअरचं क्षेत्रफळ ८२,१०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त, आणि गोव्याच्या हिशेबात बावीस गोवे. लांबी साडेपाचशे किलोमीटरांवर, सर्वांत खोल जागा ४०६ मीटर. फ्रेंचांनी दिलेल्या नावाचा अर्थ नुसता 'वरचं सरोवर', बाकीच्या सरोवरांच्या वरच्या अंगाला असलेलं. त्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे राहणारे ओजिब्वे लोक त्याला गिचिगामी म्हणतात, म्हणजे मोठं पाणी, समुद्रच. त्यांची या पाण्याशी रोजची गाठ होती, त्यामुळे शब्दाची चूक त्यांच्याकडून झाली नाही.

या पाण्याच्या दक्षिण काठावर, विस्कॉन्सिनच्या टोकाला, अपॉसल बेटं आहेत. त्यांतली वीस बेटं आणि किनाऱ्याची एक पट्टी १९७० पासून राष्ट्रीय संरक्षणाखाली आहे, एकविसावं बेट १९८६ मध्ये त्यात आलं. मिनिआपोलिसहून गाडीने चारेक तास, शिकागोहून सात-आठ. मिनेसोटातल्या आणि इलिनॉयमधल्या मराठी घरांतून दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी तिकडे जातंच. बहुतेक जण बोटीतून गुहा बघतात, बेफील्डला आइस्क्रीम खातात आणि परत येतात. कयाकमधून जाऊन बेटावर तंबू ठोकायचा बेत वेगळा. तो जमतो, अगदी साध्या, व्यायामशाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांनाही जमतो. पण तो वाऱ्याला विचारून करावा लागतो आणि वारा उत्तर आदल्या रात्री देतो.

वाऱ्याचं गणित एकदा समजून घेतलं की तक्त्यातल्या बऱ्याच ओळी आपोआप बदलतात. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोराचा, किती वेळ वाहतोय, आणि पाण्यावरून किती लांबून येतोय. रंकाळ्यावर पहिल्या दोन गोष्टी कितीही झाल्या तरी तिसरी नसते, म्हणून तिथे लाट होत नाही, पाणी नुसतं चुरगळतं. सुपीरिअरच्या पश्चिम टोकाला ईशान्येचा वारा सुटला की त्याला मागे शेकडो किलोमीटर मोकळं पाणी मिळतं. शिवाय गोड्या पाण्यातल्या लाटा समुद्राच्या मोठ्या फुगवट्यासारख्या संथ नसतात, आखूड आणि उभ्या असतात. एक ओलांडून श्वास घ्यावा तोवर दुसरी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, येते. त्यातून इथल्या वालुकाश्माच्या कड्यांवर लाट आपटून उलट फिरते, येणारी आणि परतणारी एकमेकींत घुसतात आणि कड्यापासून बऱ्याच अंतरापर्यंत पाणी कढईतल्यासारखं वरखाली उसळत राहतं. फोटोत ज्या गुहा इतक्या देखण्या दिसतात त्या असल्याच माराने कोरल्या गेल्यात. म्हणून तक्त्यात गुहांसमोर 'हवा चांगली असेल तर' लिहायचं, आणि ते मनापासून लिहायचं.

आपल्याकडे हे माहीत नाही असं नाही. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तेही धरणाचंच पाणी, रोजचाच रस्ता. आणि कोकणात तर थांबणं पंचांगातच बसवलेलं आहे. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडेपर्यंत कोळीवाड्यातली होडी शाकारलेली असते. त्या दिवसांत घरी बसलेल्या नाखव्याला कोणी 'एवढे दिवस नुसतंच बसायचं?' असं विचारत नाही. जाळी विणली जातात, होडीला तेल पाजलं जातं, सुक्या मासळीवर भागवलं जातं. थांबण्याचंही एक काम असतं. कुठल्याशा ऑफिसातून पाच दिवसांची रजा मंजूर करून घेतलेल्या माणसाला ते पटणं अवघड. त्याला रजेचा प्रत्येक दिवस वसूल करायचा असतो.

डेव्हिल्स आयलंड हे या बेटांतलं सगळ्यात उत्तरेचं. त्याच्यापलीकडे आडोसा म्हणून काही नाही. गुहा तिथल्याच सर्वांत सुंदर, हे खरं, आणि म्हणूनच ते नाव नवख्यांच्या तक्त्यात न चुकता उगवतं. नकाशावर एक वीत तर अंतर दिसतं. पण सामान भरलेल्या कयाकमधून, मधे पाणी पिणं, टोपी उडणं, मागे राहिलेल्यासाठी थांबणं धरून, गटाचा वेग ताशी चार किलोमीटरच्या वर धरूच नये. एकटा पट्टीचा वल्हवणारा सहा-सात करेल, त्याचा हिशेब इथे कामाचा नाही. लिटल सँड बेपासून सँड आयलंड साधारण पाच किलोमीटर. म्हणजे शांत पाण्यात सव्वा तास. समोरून पंधरा नॉटचा, म्हणजे ताशी अठ्ठावीसेक किलोमीटरचा, वारा लागला की तेच अंतर अडीच तासांचं होतं, आणि अडीच तासांत वाराही तोच राहत नाही. उन्हाळ्यात बहुधा सकाळी पाणी निवांत असतं आणि दुपारी वारा उठतो. त्यामुळे सहाला पाण्यात असणारा गट आणि चहा-पोहे उरकून साडेदहाला निघणारा गट एकाच दिवशी दोन निराळ्या सरोवरांवर असतात.

पोहे बेटावर पोचल्यावर करावेत.

माणसं किती न्यायची, याचं उत्तर उत्साहाने नाही, जागेने ठरतं. बेटांवर तंबूच्या जागा आधी आरक्षित कराव्या लागतात. साधी जागा सात जणांपर्यंत. आठ झालात की मोठ्या गटाची जागा लागते, आणि तशा जागा मोजक्याच बेटांवर आहेत. बारा जणांनी 'येतो' म्हटलं की आयोजकाला आनंद होतो, पण सहा ही उत्तम संख्या. सहा माणसांची हाक एकमेकांना ऐकू जाते, सहा कयाक एका छोट्या वाळूत लागतात, सहा जणांचा भात एका पातेल्यात होतो. त्या सहांत निदान दोघे असे हवेत, ज्यांनी थंड पाण्यात दुसऱ्याला उचलून परत बोटीत बसवलंय. ज्याचा हात कच्चा किंवा ज्याला आतून भीती आहे (आणि 'मला काही भीती नाही' हे सगळ्यात मोठ्याने तोच म्हणतो), त्याला दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसवावं. दोघांची कयाक जड असते, उचलताना शिव्या द्यायला लावते, पण पाण्यावर स्थिर असते आणि दमलेल्याला पाच मिनिटं वल्हं आडवं ठेवता येतं.

आरक्षणातच खरा सापळा आहे. बेट आणि तारीख बरीच आधी ठरते. वारा त्या दिवशी सकाळी. रोज नवं बेट असा बेत केला की रोज सकाळी कोणीतरी म्हणणारच, 'आज तिकडची जागा आपल्या नावावर आहे, जायला तर पाहिजे.' हवेमुळे अडकलेल्या माणसाला बेटावरून कोणी हुसकावत नाही, पण आपल्या नावावर पैसे भरलेली जागा पलीकडे रिकामी आहे हा विचार माणसाला पाण्यात ढकलतो. त्यापेक्षा एकाच बेटावर तिन्ही रात्री काढाव्यात. तंबू एकदाच उभा राहतो, सामान एकदाच भरायचं आणि एकदाच काढायचं, आणि दिवसा रिकाम्या, हलक्या बोटी घेऊन जवळपास फिरायचं. नवख्या गटासाठी सँड आयलंड याकरताच बरं. किनाऱ्यापासून फार लांब नाही, पूर्वेच्या खाडीला पश्चिमेच्या वाऱ्यापासून आडोसा आहे आणि स्वॅलो पॉइंटच्या गुहा बेटालाच लागून आहेत. स्टॉकटन मोठं आणि देखणं, तिथल्या ज्युलियन बेवरची वाळू पायाखाली कुईकुई वाजते. पण ते किनाऱ्यापासून लांब, आणि तिथे काळ्या अस्वलांची वस्ती चांगली दाट आहे. ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवावं.

आता थंडी. यात कोणाचं ऐकून घेऊ नये. जूनमध्ये खुल्या पाण्याचं तापमान एक आकडी असू शकतं, तेही सेल्सिअसमध्ये. ऑगस्टमध्ये उथळ खाडीत पोहता येतं, पण खाडीचं तोंड ओलांडलं की पाणी पुन्हा झोंबतं. कपडे हवेच्या तापमानाला नाही, पाण्याच्या तापमानाला घालायचे. बाहेर सत्तावीस अंश असताना अंगावर तीन मिलिमीटरचा बिनबाह्यांचा वेटसूट (गार पाण्यात ऊब धरणारा रबरी पोशाख) चढवणं म्हणजे घाम, खाज आणि चिडचिड. तरी घालायचा. जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी. गार पाण्यात पडल्यावरचा हिशेब एक-दहा-एक असा सांगतात. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात येण्याचं. तेवढ्यात तोंड पाण्याखाली गेलं तर नुसत्या धापेनेच पाणी आत जातं. पुढची दहा मिनिटं हातापायांत कामाचा जोर असतो. त्यानंतर बोटं ऐकत नाहीत. शुद्ध हरपायला मात्र तासभर लागतो. म्हणजे बहुतेकांना थंडीने गारठून मरण्याइतका वेळही मिळत नाही; पहिल्या मिनिटात किंवा दहाव्या मिनिटानंतर पोहता न आल्याने बुडतात. लाइफ जॅकेट अंगावर, बकलं लावलेलं, हे या पहिल्या मिनिटासाठी आहे. कयाकच्या मागे दोरीखाली खोचलेलं लाइफ जॅकेट म्हणजे उशी.

दहा मिनिटांत माणूस परत बोटीत बसला पाहिजे, तर ती क्रिया तीन मिनिटांत यायला हवी, आणि ती व्हिडिओ बघून येत नाही. उलटलेल्याने आधी स्प्रे स्कर्टचा (बसायच्या जागेत पाणी येऊ न देणाऱ्या, कमरेभोवतीच्या झाकणाचा) पुढचा पट्टा ओढून बाहेर यायचं आणि आपली बोट सोडायची नाही, वल्हंसुद्धा नाही. मदत करणारा काटकोनात येतो, उलट्या बोटीची नाळ आपल्या मांडीपुढे ओढून घेतो, पाणी सांडू देतो, बोट सुलटी करतो, मग आपल्या बोटीला समांतर लावून दोन्ही हातांनी गच्च धरतो. पडलेला मागच्या बाजूने पोटावर चढतो, पाय आत घालतो, वळून बसतो, पंपाने उरलेलं पाणी काढतो. वाचायला सोपं. पण हा सराव सगळे जण रिकाम्या बोटीने करतात आणि सहलीत बोटीत पंचवीस-तीस किलो सामान असतं. तशी नाळ उचलत नाही. मग पाणी भरलेलीच बोट सुलटी करायची, माणूस आत घ्यायचा आणि नंतर बसून उपसायचं. म्हणून जवळच्या एखाद्या निवांत पाण्यावर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ड्राय बॅगांत (पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांत) घालून, सहाही जणांनी दोन-दोनदा पडून बघावं. ज्याला त्या दिवशी यायला जमत नाही त्याला सहलीलाही जमत नाही, असा नियम केला तर वाईट वाटतं. केलेला बरा.

कयाक कुठली, यावर लोक तासन्‌तास बोलतात. मुद्दा एकच: सोळा फुटांच्या आसपासची समुद्री कयाक, पुढे-मागे बंद कप्पे असलेली. तळ्यावर भाड्याने मिळणाऱ्या आखूड, रुंद, उघड्या बोटी इथल्या नव्हेत. त्यांच्या पोटात भिंतच नसते, एकदा पाणी शिरलं की नाळेपासून शेपटापर्यंत भरते आणि मग ती बोट राहत नाही, हौद होतो. बंद कप्प्यांची झाकणं लहान असतात, त्यातून मोठी सॅक जात नाही. वीस लिटरच्या एका फुगीर पिशवीपेक्षा दहा-दहाच्या दोन बऱ्या. तंबूच्या काठ्या कापडापासून वेगळ्या करून शेपटाकडच्या निमुळत्या जागेत सरकवायच्या. पाणी, डबे, गॅस असलं जड सामान तळाला आणि बसायच्या जागेच्या जवळ. झोपायची पिशवी आणि कपडे टोकांना. नाळ जड झाली की बाजूच्या वाऱ्यात बोट सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवते आणि माणूस एकाच बाजूला वल्हवून खांद्याची वाट लावतो. वजन मागे किंचित जास्त असलेलं चालतं. हे सगळं घरी दिवाणखान्यात एकदा मांडून, भरून बघायचं. बाहेर उरलेल्या ढिगाकडे पाहिलं की कळतं, आपण किती निरुपयोगी वस्तूंवर प्रेम करतो. खुर्ची, उशी, दुसरी उशी, स्पीकर. कॅरमसुद्धा तक्त्यात लिहून झालेला असतो.

खाण्याच्या बाबतीत मात्र मराठी माणसाला या सहलीसाठी जन्मापासून तयार केलंय. इथल्या दुकानांत पाकिटातलं कोरडं जेवण मिळतं, गरम पाणी ओतून दहा मिनिटांनी खायचं, महाग आणि चवीला पुठ्ठा. आपल्याकडे मेतकूट आहे, भाजणी आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, भडंग आहे, दुधातल्या दशम्या दोन-तीन दिवस टिकतात. बेसन घरीच फोडणीत भाजून, तिखट-मीठ-जिरं घालून, गार करून पिशवीत बांधावं. बेटावर उकळत्या पाण्यात सोडलं की पिठलं. एका जेवणाला माणशी ऐंशी ग्रॅम तांदूळ आणि तीस ग्रॅम बेसन पुरतं; थंडीत वल्हवलेला माणूस जास्त खातो म्हणून वर मूठभर. तांदूळ अर्धा तास भिजवला की गॅस वाचतो. गॅसचा हिशेब चुकतो तो चहात. सव्वादोनशे ग्रॅमच्या डब्यावर, वाऱ्यात आणि इतक्या गार पाण्याला, दहा-बारा लिटरच उकळतं असं धरावं. सहा जणांचा दोन वेळचा चहा, दोन जेवणं आणि सकाळचे पोहे म्हणजे दिवसाला जवळपास एक डबा. चार दिवसांचे चार, आणि एक वर. प्यायचं पाणी सरोवराचंच, पण गाळून किंवा खळखळ उकळून. आणि हिंगाची डबी, लोणचं, टूथपेस्ट, सनस्क्रीन, सगळं रात्री अस्वलापासून सामान ठेवायला जी लोखंडी पेटी दिलेली असते तिच्यात. अस्वलाला हिंग आवडतं की नाही याचा प्रयोग आपल्या तंबूत होऊ नये.

पाण्यावर गट फुटतो तो नेहमी एकाच प्रकारे. जोरदार दोघे पुढे जातात, कुठेतरी थांबून मागच्यांची वाट बघतात, विश्रांती घेतात. मागचे धापा टाकत पोचतात तेव्हा पुढचे ताजेतवाने झालेले असतात. 'चला!' म्हणून ते सुटतात. ज्याला विश्रांती हवी त्याला ती कधीच मिळत नाही. दिवसअखेर हा अन्याय जेवणात उतरतो, भांडण मिठावरून झाल्यासारखं दिसतं. उपाय जुना आहे, पालखीतल्या दिंडीसारखा: सगळ्यात सावकाश माणूस पुढे, वेग त्याचा, सगळ्यात तयार माणूस शेवटी, ओढायची दोरी कमरेला. मधल्यांनी हाकेच्या अंतरात. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. एकाच्या छातीवर मरीन रेडिओ, सोळा नंबरच्या चॅनेलवर मदत मागता येते आणि हवामानाच्या चॅनेलवर अंदाज सतत ऐकू येतो. मोबाइलवर विसंबू नये, बेटांवर तो कधी बोलतो कधी नाही. आणि होकायंत्र, साधं, कयाकवर बांधलेलं. उबदार हवा गार पाण्यावरून सरकली की धुकं पडतं, आणि पाच किलोमीटरवरचं बेट दहा मिनिटांत पुसलं जातं. त्या पांढऱ्यात प्रत्येकाला खात्री असते की आपण सरळ चाललोय. कोणीच सरळ जात नसतं.

हवामानाच्या अंदाजात लहान बोटींसाठी इशारा साधारण बावीस नॉट वाऱ्याला किंवा चार फूट लाटेला दिला जातो. कयाकसाठी तो आकडा फार उशिराचा. पंधरा नॉट किंवा दोन फूट, यातलं काहीही अंदाजात दिसलं तर ओलांडायचं नाही, हे घरी, सोफ्यावर, पोट भरलेलं असताना ठरवून लिहून ठेवावं. किनाऱ्यावर उभं राहून ठरवायला गेलं की आकडा वाढतो. कारण तिथे सहा जण असतात, आणि 'मला नको वाटतंय' हे वाक्य सहा जणांत म्हणणं फार कठीण. आपल्यात तर फारच. मोठे बोलले की धाकटे मान डोलावतात, नवरा हो म्हणाला की बायको ओठ मिटते, किंवा उलट. त्यासाठी एक नियम बरा पडतो: नकोसं वाटणाऱ्याने कारण द्यायचं नाही आणि बाकीच्यांनी विचारायचं नाही. एकाने नको म्हटलं की नको. हा नियम तक्त्याच्या अगदी वर, ठळक अक्षरांत. आणि तक्त्याची एक प्रत घरी राहिलेल्या कोणाकडे तरी: बोटींचे रंग, माणसांची नावं, गाडी कुठे लावली, आणि कुठल्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर बेफील्डच्या तटरक्षक ठाण्याला कळवायचं. ही वेळ लिहिताना परतीची वेळ लिहू नये. परतीनंतरचा एक दिवस धरून लिहावी.

कारण परतीचा दिवस सगळ्यात वाईट. जाताना माणूस घाबरलेला असतो, सांगितलेलं ऐकतो. येताना तो दमलेला, आंघोळीला आसुसलेला, आणि दुसऱ्या दिवशी नऊला मीटिंग असलेला असतो. सरोवराला मीटिंगचं सोयरसुतक नाही. म्हणजे खरं तर तक्त्यात एक रिकामी ओळ पुरत नाही. रविवारनंतर सोमवारची रजासुद्धा टाकून ठेवायला हवी, वापरायची नाही या बोलीवर. हे ग्रुपवर लिहिलं तर कोण काय म्हणेल हे बाकी सहज सांगता येतं.

मग शनिवारी वारा सुटलाच तर सँड आयलंडवर करायचं काय? रात्रीच बोटी झाडांपर्यंत ओढून बांधलेल्या असतात, कारण वाऱ्याच्या रेट्याने सरोवराच्या एका अंगाचं पाणी भरती-ओहोटीसारखं चढतं-उतरतं आणि सकाळी बोट जागेवर नसणं ही इथली जुनी गोष्ट आहे. भरलेली बोट टोकांना धरून उचलायची नाही, आधी रिकामी करायची; मोठ्या बाजारपिशव्या न्याव्यात त्या याचसाठी. खाडीपासून बेटाच्या उत्तर टोकाच्या दीपगृहापर्यंत जंगलातून पायवाट जाते, साधारण तीन किलोमीटर. वाटेत एके काळच्या नॉर्वेजियन वस्तीच्या खुणा लागतात. मासेमारी आणि शेती करून ते इथे बारमाही राहत होते. दक्षिणेचा वारा असेल तर पायाच्या घोट्यांना चावणाऱ्या माश्या येतात, तेव्हा मोजे जाड. दीपगृह १८८१ चं, तपकिरी दगडाचं, एखाद्या टुमदार घरासारखं. सप्टेंबर १९०५ मध्ये 'सेवोना' नावाचं लोखंडाची माती भरलेलं जहाज वादळातून माघारी वळून या बेटांच्या आडोशाला यायला निघालं, आणि इथल्या खडकाळ उथळावर आपटून फुटलं. सात जण गेले. दीपगृहाचा रखवालदार ते इथून बघत होता, आणि त्याला बघण्यापलीकडे काही करता आलं नाही. तिथे उभं राहिलं की समोर पाणी पांढरं झालेलं दिसतं आणि उत्तरेला नजर जाईल तिथवर पाणीच. पलीकडचा काठ असून नसल्यासारखा.

शनिवारच्या ओळीत आता नुसतं 'काही नाही' लिहून भागणार नाही, हे त्या प्रश्नचिन्हावरून कळलं. मोकळी जागा दिसली की कोणीतरी ती भरणारच. म्हणून डेव्हिल्स आयलंड पुसून तिथे सगळे रकाने नीट भरले. कुठून: पूर्वेची खाडी. कुठे: पूर्वेची खाडी. अंतर: शून्य, दीपगृहापर्यंत पायी सहा, जाऊन-येऊन. निघायची वेळ: झोप झाल्यावर. दुपारी: पिठलं-भात. रात्री: उरलेलं पिठलं, भाजणीची थालीपिठं. गॅस: एक डबा. सामानाच्या रकान्यात कोणीतरी आपणहून भर घातली होती: 'पत्ते. मिरच्या मी आणते, इथल्या तिखट नसतात.'

कॅरम मात्र पुसलेला नव्हता.